ब्रिगाचं उत्तर

टेंपल रिज मनोरा, आयडाहो
१२ जून

लोळागोळा ओस्विनला,
त्याला दर खेपेला उचलून उचलून कंबर गेलेल्या ब्रिगाकडून.

पोचले रे एकदाची. लॅनीची खेचरं वाटेत सारखी अडून बसत होती आणि लॅनी शिव्या मात्र मला देत होता, कारण काय तर माझ्या पुस्तकांची खोकी. मनोऱ्यात उंदरांनी हिवाळाभर संसार थाटला होता. गादीतून आजोबा, मुलगा, नातू असे सगळे निघाले. आता झाडलोट झालीय, शेगडी पेटलीय, रेडिओ चालू आहे. सप्टेंबरपर्यंत हेच घर. चारी बाजूंनी काच, काचेबाहेर डोंगर, कुठे धूर दिसला की रेडिओवरून खाली कळवायचं. फोन नाही, नेट नाही, तुझी बडबड नाही. कानांना काय आराम पडलाय म्हणून सांगू!

पत्रं नेहमीसारखी एक गुरुवार सोडून एका गुरुवारी, लॅनीच्या खेचरांवरून. मी हे लिहितेय आणि तो समोर माझी कॉफी ढोसत बसलाय. म्हणतो, "एवढं कुणाला लिहितेस? नवरा आहे?"
"नाही."
"भाऊ?"
"नाही. आम्ही खेळतो."
मग त्याला सगळं समजावून सांगावं लागलं. म्हटलं, बाबा रे, 'नववा दरवाजा' नावाचा नेटवरून खेळायचा व्हिडिओ गेम आहे. दोघांनी मिळून खेळायचा. मी ब्रिगा, लोहारीण, कुऱ्हाडवाली. तो ओस्विन, लंगडा वैदू, जगाला बरं करतो आणि स्वतः सारखा मरतो. एकाला सोडून दुसऱ्याला पुढे जाता येत नाही. काही घडलं की दोघांपुढे चौकट उघडते, आपापलं उत्तर आपण निवडायचं, दोघांची निवडून झाली तरच गोष्ट पुढे सरकते. आणि एक जण पडला तर दुसऱ्यानेच धावत जाऊन त्याचा हात धरायचा, तो उठेपर्यंत सोडायचा नाही. तिसरं कुणी उचलू शकत नाही.
लॅनी म्हणाला, "म्हणजे लग्नच की!"
"मूर्खासारखं बोलू नकोस," म्हटलं.
"कधी भेटलीयस का त्याला?"
"नाही. तो मेनमध्ये असतो, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. पाच हिवाळे झाले, रोज आवाज ऐकते."
तेव्हापासून मिशीत हसतोय मेला.

आणि ऐक. मे महिन्यात आपण जिथे थांबलो ते तसंच राहू दे. ओस्विनने खिळा वाकवून केलेली अंगठी पुढे धरलीय, तुझी चौकट भरलीय, माझी रिकामी आहे. मला पहाटे निघायचं होतं म्हणून मी उठले. पळून गेले नाही. सप्टेंबरात बघू. माझ्यामागे एकट्याने खेळायचं नाही. हात लावलास तर खबरदार.

तुझी,
मारेन


फोर्ट केंट, मेन
१९ जून

ब्रिगाबाईंना दंडवत,

हात लावलेला नाही. शपथ. दुकानातून आलो की मशीन चालू करतो, ती दोघं शेकोटीपाशी बसलेली असतात, तो हात पुढे करून, ती गप्प. जरा वेळ बघतो आणि बंद करतो. आई दारातून विचारते, "अजून तसाच बसलाय का रे तो? हाताला मुंग्या नाही आल्या?"

इकडे गवत कापायच्या यंत्रांचा मोसम आहे. लोक हिवाळाभर ती पावसात ठेवतात आणि जूनमध्ये माझ्यावर ओरडतात. बाकी एक किरकोळ बातमी. मला जिना चढताना दम लागतो ते तुला ऐकू यायचं ना, तू म्हणायचीस म्हाताऱ्या रेड्यासारखा फुसफुसतोस म्हणून? तर ते हृदयातल्या एका झडपेचं निघालं. नीट मिटत नाही, गळते. माझ्या भाषेत वॉशर गेलंय. ऑगस्टच्या शेवटी बँगोरच्या इस्पितळात बदलून देणार आहेत. कार्बोरेटरचं काम. काळजीचं काही नाही, मी असली कामं रोज करतो, फक्त माझं गिऱ्हाईक टेबलावर झोपलेलं नसतं.

म्हणून विचारतो. त्या चौकटीत ब्रिगाला तीन उत्तरं आहेत, विसरली असशील म्हणून लिहितो.
'हो.'
'आधी दरवाजा, मग बघू.'
'नाही, ओस्विन.'
मी दुसरा कंट्रोलर विकत घेऊन ठेवलाय, कुणी पाहुणं आलंच तर असावा म्हणून. तू पत्राने कळवलंस तर त्यावरून मी तुझं उत्तर दाबीन. बँगोरला जायच्या आधी कळलं तर मला बरं वाटेल. घाई नाही. म्हणजे, थोडी आहे.

आर्मंड


टेंपल रिज
२६ जून

अरे ए वॉशर गेलेल्या,

आधी सांगायला काय झालं होतं? मी मेली रेडा रेडा म्हणत बसले. बदलून घे बाबा ती झडप, चांगल्या कंपनीची टाकायला सांग, आणि जुनी मागून घे, दुकानात टांगता येईल.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळते. मी आजवर तुला कधी चुकीचा डाव सांगितलाय? मग नीट ऐक. दुसरं उत्तर दाब. 'आधी दरवाजा.' का ते सांगते. ब्रिगाने हो म्हटलं की गाठ बांधली जाते, आणि गाठ बांधली की जखमा वाटल्या जातात. तुला लागलं तर निम्मं मला लागणार. एरवी हे बरंच आहे, पण नवव्या दरवाजात आगीचा लोळ येतो. तू तर तिथे पडणारच, तुझा इतिहास बघता. मग तुझ्यामागोमाग मीही पडणार. दोघं एकदम पडलो तर उचलायला कोण येणार, लॅनी?
म्हणून आधी दरवाजा. तो पार झाला की हवी तेवढी लग्नं करा. पाच वर्षं घातलीत आपण यात, शेवटच्या क्षणी एका खिळ्यापायी घालवायची नाहीत.

इथे रोज ढग जमतात आणि नुसते गुरगुरून जातात. झाडं वाळून कोरडी ठाक झालीत. आईंना सांग, हाताला मुंग्या आल्या तर लिनिमेंटचं तेल चोळा.

मारेन


फोर्ट केंट
४ जुलै

मारेन,

तुझं बरोबर आहे. डावात तू कधी चुकत नाहीस. वाटलेल्या जखमा परवडायच्या नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आज गावात स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक होती. आई आणि मी खुर्च्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसलो. अग्निशामक गाडीवरून खाऊच्या गोळ्या फेकतात, त्या आई अजून लहान पोरासारखी गोळा करते. वाकायचं काम माझं असायचं. या वर्षी म्हणाली, "बस तू, मी वाकते." सगळं गाव बघत होतं, मला लाजल्यासारखं झालं.

एक विचारू का? उगीच आपलं. समजा नववा दरवाजाच नसता. समजा ती दोघं कुठल्याशा साध्या गावात राहतायत. ती घोड्यांचे नाल ठोकते, तो काढे विकतो, बाहेर बर्फ पडतंय, कुणीही कुणाच्या मागे लागलेलं नाही. आणि त्याने तोच खिळा पुढे केला. तर मग तू काय दाबलं असतंस?

आर्मंड


टेंपल रिज
१० जुलै

खुळ्या,

दरवाजा नसता तर खेळच नसता! वैदू आणि लोहारीण घरात बसून काय करतील, आईंच्या हातची प्लॉयची धिरडी खातील? लोक कंटाळून पैसे परत मागतील.

घाईत लिहितेय. काल वीज पडली, अगदी मनोऱ्यावर. आमच्याकडे त्यासाठी एक स्टूल असतं, चारी पायांना काचेचे गट्टू लावलेलं. वीज कडाडायला लागली की त्यावर चढून बसायचं आणि कशालाही शिवायचं नाही. शेगडीला नाही, पलंगाला नाही, रेडिओला नाही. मी तशी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि खोलीभर निळा उजेड फिरत होता. भ्यायले. खोटं कशाला बोलू? तेव्हा मला तुझी बडबड हवी होती.
झालं ते झालं. चार ठिकाणी धूर आहे, दुर्बिणीवरून डोळा हलवता येत नाही. झडपेची तारीख कळव.

मारेन


फोर्ट केंट
१७ जुलै

मारेन,

तारीख अलीकडे आलीय. सहा ऑगस्ट. गेल्या आठवड्यात दुकानात पडलो, म्हणून त्यांनी अलीकडे घेतली.

ते कार्बोरेटरचं काम नाहीये. मी तुला बरं वाटावं म्हणून तसं लिहिलं होतं, आणि मलाही वाटावं म्हणून. डॉक्टरीणबाई चांगली आहे, तिने खुर्ची जवळ ओढून सांगितलं की हृदय फार थकलंय, आधी यायला हवं होतं. घरी सांगून ठेवा म्हणाली. आईला सांगितलं. मग वाटलं, अजून एका ठिकाणी सांगायचं राहिलंय.

उत्तराचं मनावर घेऊ नकोस. मी काहीच दाबलेलं नाही, तू सांगितलेलं दुसरंही नाही. जसं आहे तसं ठेवतो. सप्टेंबरात तू खाली उतरशील तेव्हा तुझ्या हाताने दाब, जे असेल ते.

विजेची भीती वाटली तर माझ्याशी बोलत जा. मला ऐकू येणार नाही, पण तू आपली बोल.

आर्मंड


टेंपल रिज
७ ऑगस्ट

आर्मंड,

तुझं सतरा जुलैचं पत्र मला आज मिळालं. चोवीसच्या गुरुवारी लॅनी वर आलाच नाही, खालच्या ओढ्यापाशी आग होती, वाट बंद होती. आज आला, दोन्ही खेपांची टपाल पिशवी घेऊन. तुझं ऑपरेशन काल झालं. काल! आणि मी काल दिवसभर धूर मोजत होते.

तुझ्या पत्रात एकही थट्टा नव्हती. मग मागची सगळी पत्रं काढून वाचली. अरे देवा, काय मी बाई आहे! माणूस मला काय विचारतोय आणि मी त्याला जखमांचा हिशेब सांगतेय. तू ओस्विनचं विचारतच नव्हतास. खरं सांगू, मला मे महिन्यातच कळलं होतं. तू खिळा पुढे केलास आणि बोलायचा थांबलास. तू कधी थांबतोस का बोलायचा? मला कळलं, आणि मी पहाटेचं निमित्त सांगून उठले. पाच हिवाळे रोज तुझा आवाज ऐकून झोपायला जाते मी, आणि ते घालवीन की काय अशी भीती वाटली. हे सगळं डोंगरावर येऊन डावपेचात गुंडाळून ठेवलं.

पत्र वाचलं आणि रेडिओ उचलला. तो फक्त कामाचा असतो, आणि त्यावर बोललेलं अख्खं जंगल ऐकतं. ऐकू दे. खाली कचेरीत ग्लोरिया बसते, तिला म्हटलं, बँगोरच्या इस्पितळात फोन लाव, आर्मंड थिबोडो कसा आहे विचार. ती म्हणाली, "नातं काय सांगू?" मी म्हटलं, "ब्रिगा विचारतेय म्हणून सांग." थोड्या वेळाने ती परत आली. म्हणाली, "मारेन, नातेवाईक सोडून कुणाला सांगत नाहीत गं. मी फार मिनतवाऱ्या केल्या."

म्हणून हे लॅनीबरोबर धाडतेय. तो खेचरांना खायलाही न घालता निघतो म्हणाला.

दरवाजा नसता तर हो. दरवाजा असला तरी हो. आगीचा लोळ येऊ दे, दोघं पडू दे, वाटून घेऊ. लोहारीण गावात राहील, नाल ठोकील, बर्फ काढील, तुझ्या आईच्या गोळ्या वाकून वेचील. हो, आर्मंड. ब्रिगाचं नाही, माझं उत्तर सांगतेय.
उठून बस आणि ताबडतोब पत्र लिही.

तुझी, तुझीच,
मारेन


फोर्ट केंट
१६ ऑगस्ट

मारेन टोलफसन हिला,

मी ओडील थिबोडो, आर्मंडची आई. तुझं सात तारखेचं पत्र तेराला पोचलं. आर्मंड नऊ तारखेला सकाळी गेला. आम्ही त्याला त्याच्या वडिलांशेजारी ठेवलं.

पत्र त्याच्या नावाचं होतं, पण आता त्याचं सगळं मीच फोडते. वाचलं. मग त्याच्या टेबलातली तुझी बाकीचीही वाचली. आणि पोरी, मी तुझ्यावर फार रागावले. 'आधी दरवाजा' म्हणे! आग लागो तुझ्या त्या दरवाजाला. माझा मुलगा रोज दुकानातून येऊन टपालपेटी उघडायचा. पेटी रिकामी असली की म्हणायचा, "आई, खेचरं आहेत ती, विमान नाही." हे सगळं तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिलं. राग मनात ठेवून मला झोप येत नाही.

आता दुसरं सांगते, म्हणजे हिशेब बरोबर होईल. ऑपरेशननंतर सात तारखेला तो चांगला जागा होता. नर्स आत आली, म्हणाली, "तुम्हाला कुणाचा तरी फोन होता, आयडाहोहून. नातं नाही म्हणाली. नाव विचित्र होतं, ब्रिगा." आर्मंड हसला. छातीला टाके आणि हसतोय, मी म्हटलं, अरे फाटतील! तर मला म्हणतो, "आई, मी पडलोय ना, ती धावत येतेय बघ." त्यानंतर दिवसभर तो खुशीत होता. जेलीसुद्धा खाल्ली, आणि ती वाईट होती.
आठ तारखेच्या संध्याकाळी ताप चढला, मग काही हातात राहिलं नाही.

तुझं पत्र मी दफनभूमीत नेऊन त्याला वाचून दाखवलं. आधी इंग्रजीत, मग आमच्या फ्रेंचमध्ये, कारण महत्त्वाचं काही असलं की आमच्या घरात ते फ्रेंचमध्येच बोलतात. 'हो' मी दोनदा वाचलं.

ओडील थिबोडो


टेंपल रिज
२१ ऑगस्ट

ओडीलबाई,

तुमचं पत्र लॅनीने हातात दिलं आणि तो पायऱ्यांवर पाठ फिरवून बसला. पाकिटावरचं अक्षर त्याने ओळखलं नव्हतं, त्यावरूनच तो समजला असावा. दोन तास बसला, निघाला नाही.

तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. आणखी रागवा. मला कुणीतरी रागवायला हवंय. खेळात तो पडला की मी कुठेही असले तरी हातातलं टाकून धावायचे. पाच वर्षांत एकदाही त्याला पडलेला ठेवला नाही. आणि खरोखर पडला तेव्हा मी इथे काचेच्या खोलीत बसून कुणा कुणाच्या डोंगरांवरचा धूर बघत होते. त्याचा हात कसा होता तेही मला माहीत नाही. मोठा होता का हो? ग्रीस लागलेलं असायचं का?

फोन पोचला होता हे तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी परत परत वाचते. तुम्ही ते लिहिलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं, आणि तुम्हाला न लिहिण्याचा पुरता हक्क होता.

मनोरा सोडून येता येत नाही, अजून तीन आगी जिवंत आहेत. रोज धूर कळवते, आवाज नीट ठेवते. ग्लोरिया कामाचं बोलून झालं की विचारते, "जेवलीस का?" आता सगळं जंगल विचारतं.

एक विचारू? ती चौकट अजून उघडी आहे का? की त्याने शेवटी काही दाबलं?

मारेन


फोर्ट केंट
३० ऑगस्ट

पोरी,

हात मोठा होता. बापासारखा. नखांत ग्रीस असायचं, साबणाने जायचं नाही, रविवारी चर्चला जाताना खिशात घालून ठेवायचा.

चौकट उघडी आहे. बँगोरला निघायच्या आदल्या दिवशी मीच त्याला म्हटलं, "अरे, तो दुसरा कंट्रोलर पडलाय ना, घे आणि दाब तिचं 'हो'. कोण बघायला येणार आहे? मनाला तरी बरं वाटेल." तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी चर्चच्या पेटीतले पैसे उचल म्हटलं. म्हणाला, "आई, दुसऱ्याचं उत्तर आपण नाही दाबायचं. खेळात तेवढं एकच पाप आहे." मी म्हटलं, "मग तिने कळवलेलं ते दरवाजाचं दाब. ते तर तिचंच आहे." म्हणाला, "ते ब्रिगाचं आहे. मारेनचं अजून यायचंय." आणि बंद करून झोपायला गेला.

मला वाटायचं ब्रिगा नावाची कुणी खरीच बाई आहे आणि माझा मुलगा बंद दाराआडून तिच्यावर "धाव, धाव" म्हणून खेकसतो. एकदा त्याला बजावलंही होतं, बायकांशी असं बोलू नये.

माझी बहीण म्हणते, ते मशीन कुणाला तरी देऊन टाक, खोली रिकामी कर. मी दिलं नाही. तुझं उत्तर त्यात अडकलंय, ते कसं देऊ? बटाटे निघायला लागले की ये. राग आता बराच उतरलाय. थोडा ठेवलाय, तू आलीस की समोर बसून रागवीन.

ओडील


टेंपल रिज
४ सप्टेंबर

ओडीलबाई,

पाऊस आला. आगी विझल्या. मनोरा लवकर बंद करतायत. येते.

मारेन


फोर्ट केंट
१२ ऑक्टोबर

मारेन,

तू घरी पोचल्याचा फोन केलास तेव्हा मी धड बोलले नाही. फोनवर मला रडू येतं. कागदावर निदान चष्मा पुसायला थांबता येतं.

तू इथून सकाळी एवढ्या लवकर निघालीस की तुला सांगायचं ते राहूनच गेलं. आदल्या संध्याकाळी त्याच्या खुर्चीवर तू बसली होतीस, पाहुण्यांचा कंट्रोलर तुझ्या हातात, त्याचा माझ्या मांडीवर. तू 'हो' दाबलंस. पण मग उठून बाहेर गेलीस आणि बटाट्याच्या शेताकडे तोंड करून उभी राहिलीस. म्हणून पुढचं तू बघितलंच नाहीस. मी बघितलं. मी तेव्हा हाक मारली नाही, तुला जरा एकटी राहू दिलं.

त्याने ती खिळ्याची अंगठी तिच्या बोटात घातली. ती घट्ट बसेना, तर तिने ओठ चावून स्वतःच ढकलली. मग ती हसली. कुऱ्हाडवाली बाई इतकी गोड हसेल असं मला वाटलं नव्हतं. तो तिच्याजवळ सरकून बसला, लंगडा पाय लांब करून, आणि बर्फ पडायला लागलं. मला खिडकीतून तू दिसत होतीस आणि पडद्यावर ती दोघं. मी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. आर्मंड, म्हटलं, बघतोयस ना रे?

मग बरेच दिवस मी ते तसंच ठेवलं. रोज चालू करायची, कॉफी घेऊन बसायची, बंद करायची. पण परवा वाटलं, लग्न झालेल्या माणसाला असं किती दिवस शेकोटीपाशी बसवून ठेवायचं? तू शिकवलं होतंस त्यातलं थोडं आठवत होतं. मी ओस्विनला उठवलं, दोन पावलं चालवलं. लंगडतो, पण चालतो. ब्रिगा आपली त्याच्या मागून येत होती. मला फार आनंद झाला गं. खोलीत पुन्हा कुणीतरी चालतंय असं वाटलं.

आणि मग पहिल्याच पुलावरून मी त्याला खाली पाडलं. बटण चुकलं. तू हसशील, पण मी किंचाळले.

आता तो खाली दगडांवर पडलाय. मेलेला नाही, हात वर करून आहे. त्याच्या कंट्रोलरची सगळी बटणं दाबून बघितली, तुझ्याला हात लावला नाही. ब्रिगा गुडघ्यावर आलीय, तिलाही निम्मं लागलंय. तू म्हणाली होतीस तसंच झालं, वाटून गेलं. पण ती पडलेली नाही. ती तिथे त्याच्याकडे बघत थांबलीय आणि माझ्याने काही ती हलत नाही. तिला चालवणाऱ्या माणसाशिवाय ती त्याला उचलणार नाही, असं दिसतंय.

तिकडून, तुझ्या घरून नेटवरून खेळात आलीस तरी चालेल म्हणतात. इथे आलीस तर प्लॉय करीन. पण ये. तो पडलाय, मारेन, आणि मला उचलता येत नाही.

ओडील